मार्टिनचा बंद हुकूम

सत्तरीला टेकलेल्या एका बाईंना मी मेंढीकोटात फसवून जिंकलो आहे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या भिडूच्या जोडीने जिंकलो त्याला नाही, आणि त्या बाईंना तर नाहीच. पत्त्यांतली लबाडी म्हणजे काही दिवाळी अंकात कबूल करण्याइतकं मोठं पाप नव्हे, हे मलाही कळतं. पण लोकांना पैजेपासून सांभाळायचं याचाच मला पगार मिळतो, आणि त्या डावावर मी स्वतः पैज लावली होती.

आधी नोकरीचं सांगतो. हॅम्बर्गच्या आपल्या मंडळात मी ‘पेमेंट सॉफ्टवेअर’वाला म्हणून ओळखला जातो. ही थाप मीच पसरवली. ती इतकी छान बसली की एका गणपतीत वर्गणी ऑनलाइन घेण्याची सोय मंडळाने माझ्याकडूनच करून घेतली. ती आरतीच्या आधीच बंद पडली, तरीही कुणाला शंका आली नाही. खरं असं आहे की मी एका ऑनलाइन कॅसिनोत काम करतो. कंपनी परवाना असलेली, कर भरणारी, ऑफिसच्या स्वयंपाकघरात कप कुणी धुवायचे यावरून बैठका घेणारी. पण शेवटी कॅसिनोच. फळं, घंटा आणि सातचे आकडे फिरवणारी ती यंत्रं लोक फोनवर खेळतात, ती आमची.

त्यातही माझं खातं विचित्र. जर्मनमध्ये त्याला श्पीलरशुट्झ म्हणतात, म्हणजे खेळाडूंचं संरक्षण. मिठाईवाल्याने आपल्याच दुकानात मधुमेहाचा डॉक्टर पगारावर ठेवावा, तशी ही नोकरी. कायदाच तसा आहे. एका फेरीला एका युरोपेक्षा जास्त लावता येत नाही. दोन फेऱ्यांमध्ये पाच सेकंद जावे लागतात. तासभर खेळलात की यंत्र तुम्हाला सक्तीने पाच मिनिटं विश्रांती देतं. महिन्याला किती पैसे घालणार ते आधी ठरवावं लागतं, आणि ती मर्यादा देशातल्या सगळ्या परवानाधारक साइट्सवर मिळून एकच असते. शिवाय कोपऱ्यात एक बटन असतं, पानिककनोप्फ. घाबरलात की दाबा, चोवीस तास सगळं बंद.

एवढ्यावर ज्याचं भागत नाही, त्याचा ठिपका माझ्या पडद्यावर पिवळा होतो, मग नारिंगी. मग मी फोन करतो. चिडलेलं गिऱ्हाईक घरी येऊ नये म्हणून फोनवर खरं नाव सांगायचं नसतं. माझ्या वाट्याला ‘मार्टिन’ आलं. गुटेन टाग, मी मार्टिन बोलतोय, तुमच्या खेळाबद्दल दोन मिनिटं बोलू का.

कुठल्या कुठल्या लोकांशी बोललोय. एक गृहस्थ रोज न चुकता पानिककनोप्फ दाबायचे. आमचं सॉफ्टवेअर हवालदिल, हा माणूस दररोज घाबरतो. मी फोन केला तर म्हणाले, “घाबरतोय कोण? तो माझा फायरआबेंड आहे.” म्हणजे कारखाना सुटल्याची घंटा. चाळीस वर्षं घंटा ऐकून घरी गेलेला माणूस, घंटेशिवाय उठायचं कसं त्याला ठाऊक नव्हतं. गंमत अशी की कुलूप चोवीस तासांचं, आणि उघडल्यावर ते तासभर खेळणार, मग पुन्हा कुलूप. त्यामुळे त्यांची वेळ चंद्रासारखी रोज तासभर पुढे सरकायची. झोपेच्या वेळेवर आली की ते सरळ झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून नवा फेरा सुरू करायचे. मी नोंद केली, ‘धोका नाही.’ इतका नियमित माणूस मी मंडळातही पाहिलेला नाही.

एका बाईंनी तक्रार केली होती की पाच सेकंद थांबायला लावणं हा त्यांच्या हक्कांवर घाला आहे. मी म्हटलं, तेवढ्यात विणकाम करा. खरंच केलं. काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, की मध्येच बक्षीस लागतं, घंटा वाजतात आणि टाके चुकतात, तर आवाज बंद करायची सोय आहे का. त्यानंतर त्यांचा ठिपका हिरवा झाला आणि तसाच राहिला. मोजे कुणाला मिळाले ते कळलं नाही.

पण अशी माणसं थोडी. बहुतेक फोनवर एकच वाक्य ऐकू येतं, ‘आता यायलाच हवं.’ इतका वेळ हरलो म्हणजे आता जिंकणारच. त्यांना मी बसचं उदाहरण देतो. बसची जितकी वाट पाहावी तितकी ती जवळ येत असते. यंत्राच्या थांब्यावर मात्र तुम्ही दर वेळी नुकतेच आलेले असता. आधीचं त्याला काही आठवत नाही. हे ऐकून लोक ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, म्हणतात, फोन ठेवतात आणि पुन्हा थांब्यावर जाऊन उभे राहतात.

किती पैसे गेले यावरून धोका ओळखता येतो असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. माणूस नेहमी संध्याकाळी खेळायचा आणि आता सकाळी न्याहारीच्या वेळी खेळू लागला, तर मी कान टवकारतो. जिंकलेले पैसे खात्यात पाठवायला सांगून मध्येच परत फिरवले, मर्यादा ठरवली आणि हरल्याबरोबर वाढवून मागितली, तर फोन उचलतो. आणि शिव्या देणारा एकाएकी फार नम्र झाला तर काळजीच करतो.

आता शरयूकाकू. हे त्यांचं खरं नाव नाही. “शरयू ठेव,” असं त्यांनीच सांगितलं, “आणि वय थोडं कमी कर.” वय मी कमी केलेलं नाही, एवढा एक सूड. काकूंचे यजमान इथल्या गोदीत इंजिनिअर होते. ते गेल्यावरही काकू इथेच राहिल्या. नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी घराला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, हाउसफेरवाल्टुंगला म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाला खडसावून पत्र कसं लिहायचं, आणि रविवारी ड्रिल का चालवायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं. आमचा मुलगा झाला तेव्हा रोज दुपारी फेरीबोटीने एल्बे ओलांडून डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर घेऊन येत. मेघनाची, म्हणजे माझ्या बायकोची आई व्हिसाच्या रांगेत अडकली होती. ते महिने काकूंनी निभावले.

एके दिवशी त्यांचं नाव माझ्या पडद्यावर आलं. नारिंगी. न्याहारीपासून खेळ, आठवड्यातले बहुतेक दिवस.

आमच्याकडे नियम आहे. ओळखीचं नाव आलं तर हात वर करायचा, फोन दुसरा करतो. मी हात वर केला नाही. कुणा परक्याने काकूंना असले प्रश्न विचारावेत हे मला सहन झालं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. हात वर केला असता, तर ‘तुझी ओळख कशी?’ इथून सुरुवात झाली असती, आणि ती वाट मंडळापर्यंत गेली असती.

त्या दिवशी घरूनच काम होतं. दुपारी दोनला मी फोन लावला. गुटेन टाग, मार्टिन वगैरे. आवाज शक्य तितका जर्मन. काकू अस्खलित जर्मनमध्ये उत्तरं देत होत्या. किती वेळ खेळता? सकाळपासून. ठरवल्यापेक्षा जास्त? आख, थोडं. घरच्यांना माहीत आहे? घरी कोण आहे. पुढचा प्रश्न झोपेबद्दलचा होता. पण दुपारचे दोन वाजलेले, बाई सकाळपासून एका जागी बसलेल्या. माझ्या तोंडून गेलं, “हाबेन झी शोन गेगेसन?” जेवलात का?

पलीकडून मराठीत उत्तर आलं, “जेवले. तू?”

मी जर्मन सोडली नाही.

“व्ही बिटे?” मी म्हणालो. म्हणजे, काय म्हणालात?

“बिटे कसलं डोंबलाचं. मार्टिन म्हणे. इतक्या वर्षांत या देशात फोनवरच्या एका माणसाने मला जेवलात का विचारलेलं नाही. केळ्याची सालं प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकणारा मार्टिन तूच ना?”

“काकू, हा फोन रेकॉर्ड होतो.”

“होऊ दे. ऐकून कळणार कुणाला? पेमेंट सॉफ्टवेअर काय रे? बरं आहे तुझं पेमेंट.”

मग त्या हसल्या, मीही हसलो, आणि हसता हसता सौदा झाला. त्या माझं मंडळात सांगणार नाहीत, मी त्यांचं कुठेच सांगणार नाही. फोन ठेवून मी नोंद केली, ‘खेळाडूने परिस्थितीचा नीट विचार केला आहे. पुढील कारवाईची गरज नाही.’ एका वाक्याने मी काकूंचा ठिपका हिरवा करून टाकला.

त्या फोनचं आणखी एक झालं. माझी वरिष्ठ सिल्के अधूनमधून फोन ऐकते. म्हणाली, “नंतर तुम्ही दोघं तुमच्या भाषेत बोललात ते कळलं नाही. पण जेवणाचा प्रश्न तू का विचारलास?” मी म्हटलं, आमच्यात विचारतात. तिने विचार केला, आणि पुढच्या सोमवारपासून तो प्रश्न सगळ्यांच्या प्रश्नावलीत आला. आल्झो, थोडक्यात, आता आख्ख्या जर्मनीतल्या जुगाऱ्यांना माझे सहकारी गंभीर आवाजात जेवलात का विचारतात. काही भडकतात. एकाने विचारलं, कॅसिनो आता जेवणही पाठवणार का. पण एक ट्रकवाला म्हणाला, “आज नाही. काल बहुतेक नाही.” आणि त्यानेच ‘मला बंद करा’ म्हणून सांगितलं. ज्या प्रश्नाने दुसऱ्यांची माणसं वाचत होती, तो जिला पहिल्यांदा विचारला तिलाच मी पुन्हा विचारत नव्हतो.

त्या वर्षीच्या दिवाळी फराळाला काकूंनी विकतची चकली आणली. मंडळाबाहेरच्या वाचकांना यात काय एवढं, असं वाटेल. काकूंच्या चकलीचे काटे पाहून नव्या सुना घाबरतात. भाजणीत धण्याचं प्रमाण त्यांनी कुणालाही खरं सांगितलेलं नाही. त्या बाईंनी इंडियन दुकानातलं पाकीट फोडून ताटात ओतलं आणि म्हणाल्या, “भाजणी संपली.” सगळे म्हणाले, वय झालं. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि मान डोलावली. माझ्या पडद्यावर ठिपका पुन्हा नारिंगी होता. दर वेळी मी तो हिरवा करत होतो. असं जवळजवळ वर्ष गेलं.

आपली कोजागिरी शनिवारी दुपारी तीनला असते. हॉल आठला झाडून, पुसून परत द्यावा लागतो, त्यापुढे चंद्राचाही इलाज चालत नाही. किल्ली मंडळातल्या सावंतांकडे, त्यामुळे ते पहिल्या मिनिटापासून घड्याळ पाहत असतात. गेल्या वर्षी दूध आटत होतं, बाहेर पाऊस होता, आणि आम्ही मेंढीकोट मांडला. चार दश्श्यांपैकी ज्यांच्याकडे जास्त, ते जिंकले. काकू आणि मेघना एका बाजूला, सावंत आणि मी दुसऱ्या. काकू फार वाईट खेळत होत्या. सावंतांनी टोमणाही मारला, “काकू, दश्श्या वाटायला आणल्यात का?” मग एकाएकी त्या नेहमीसारख्या खेळू लागल्या, एकामागून एक हात ओढले. मग पुन्हा वाईट.

तासाभराने काकू पुन्हा सावरल्या, आणि त्याच वेळी मला ती घंटी ऐकू आली. अगदी बारीक, टेबलाखालून. तासाभराची सक्तीची विश्रांती सुरू झाली की वाजते ती. दिवसभर मी तीच ऐकतो. काकूंच्या मांडीवर, पदराखाली टॅब्लेट होता. यंत्र पाच मिनिटं बंद असलं की तेवढीच पाच मिनिटं काकू आमच्यात असायच्या.

डाव संपल्यावर मी त्यांना दूध बघायला म्हणून स्वयंपाकघरात घेऊन गेलो.

“काकू, बंद करा ते.”

“कोण बोलतंय, तू की मार्टिन?”

“दोघंही.”

“मार्टिन मराठी छान बोलतो हं.” मोठा चमचा उचलून त्या दूध ढवळायला लागल्या. “पैसे माझे आहेत. मर्यादेच्या आत आहेत. कायद्याने मी चोख आहे.”

“विकतची चकली आणलीत तुम्ही.”

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, “उघडलं की ते यंत्र म्हणतं, विलकोमेन त्सुर्युक, परत आलात, स्वागत आहे. माझी मुलगी फोनवर म्हणते, या, मामा, वास डेन. म्हणजे, हो आई, आता काय. तूच सांग, सकाळी मी कुणाकडे जाऊ?”

मी नोकरीतलं वाक्य बोललो, की तुम्ही स्वतःला वर्षभर बंद करून घ्या, नाहीतर मला करावं लागेल. तसा अधिकार कंपनीला आहे, खरं तर कर्तव्यच आहे, आणि ते मी वर्षभर बुडवलं होतं.

“कर की,” त्या म्हणाल्या. “मग मी बाहेर जाऊन सांगते, मार्टिन कोण ते.”

“सांगा.” हे मी पहिल्यांदाच म्हणालो, आणि म्हटल्यावर कळलं की ते फार अवघड नव्हतं.

काकूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. डोळ्यांत ती जुनी चमक, हुकूम हातात असल्यासारखी. “असं नको. एक डाव. बंद हुकुमाचा. मी हरले तर वर्षभर बंद, आत्ता इथे, माझ्या हाताने. मी जिंकले तर मार्टिनचा फोन मला पुन्हा येणार नाही.”

लोकांना जुगारातून सोडवणाऱ्या माणसाने तिथे नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “चला.”

बंद हुकूम असा असतो. पहिली पाच पानं वाटली की ज्याची पाळी त्याने त्यातलं एक पान उपडं ठेवायचं, त्याचा रंग तो हुकूम. उरलेली पानं नंतर येतात, आणि हुकूम कुठला ते उघडेपर्यंत कुणाला माहीत नसतं. पाळी माझी होती. मी किलवरचं पान ठेवलं. मग उरलेली आठ पानं आली, आणि त्यात किलवर एकही नाही, बदाम मात्र झुंडीने. किलवर हुकूम राहिला तर डाव काकूंचा, हे मला लख्ख दिसलं.

तेवढ्यात दूध आलं. सगळ्यांनी पेल्यांसाठी हात पुढे केले, सावंत म्हणाले, “टेबलावर सांडू नका, पुसायचं मला आहे,” आणि मी किलवरचं पान उचलून तिथे बदामाचं ठेवलं.

हुकूम उघडला तेव्हा मेघना म्हणाली, “बदाम? मी किलवर धरून बसले होते.” काकूंनी दुधाच्या पेल्यांकडे एकदा पाहिलं आणि पान टाकलं. चारपैकी तीन मेंढ्या, म्हणजे दश्श्या, आमच्याकडे आल्या. सावंत इतके खूश झाले की त्यांनी उरलेलं दूध मला दिलं. ते मी प्यालो, हेही लिहून ठेवतो.

काकूंनी शब्द पाळला. स्वयंपाकघरात टॅब्लेट ओट्यावर ठेवून चष्मा लावला आणि शोधत बसल्या. “खेळा हे बटन एवढं मोठं, आणि बंद करायचं हे एवढंसं का रे? तुम्ही तिथे बसून करता काय?” ते बटन कुठे आणि केवढं ठेवायचं ते ठरलं त्या बैठकीला मी होतो. कॉफी चांगली होती म्हणून मी काही बोललो नव्हतो. मी त्यांना बटन दाखवलं. एक वर्ष निवडलं, त्यांनीच दाबलं.

सोमवारी मी सिल्केला सांगितलं की ही बाई माझ्या ओळखीची आहे आणि माझ्या नोंदी खोट्या होत्या. तिने मला दोन महिने फोनवरून काढून पॉप-अपची वाक्यं लिहायला बसवलं. खूप वेळ खेळलात की ‘उठून पाणी प्या’ असं जे येतं, ते माझं. पैजेचं मी तिलाही सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी मेघनाची सुट्टी असते, तेव्हा काकू आता आमच्याकडे येतात. शाळेला सुट्टी असली की आमच्या मुलालाही मेंढीकोटाला बसवतात. त्या मराठीत रागावतात, तो जर्मनमध्ये उलट उत्तर देतो, आणि पानं मात्र दोघं बरोबर टाकतात. यंदा भाजणी सापडली आहे. मध्यंतरी त्यांनी मला सांगितलं की किऑस्कवरचं लॉटरीचं खरवडायचं तिकीट त्या बंदीत येत नाही, विचारून आल्या. एकच घेतलं म्हणे, मेघनाच्या देखत. मी विचारलं, जेवून गेला होतात का. “होय रे, मार्टिन.”

खेळणाऱ्यांना माझा सल्ला कुणी विचारत नाही, तरी देतो. मर्यादा खेळ उघडण्याआधी ठरवा, हरल्यावर ठरवू नका. उपाशीपोटी, भांडून उठल्यावर, झोप येत नाही म्हणून खेळू नका. आणि खेळता हे घरातल्या एका माणसाला माहीत असू द्या. जे पदराखाली ठेवावं लागतं त्यात गंमत उरलेली नसते. माझी नोकरीही मी इतकी वर्षं तशीच ठेवली होती, म्हणून सांगतो.

त्या बंदीचं वर्ष आता सरलं आहे. ती आपोआप उठत नाही, अर्ज करावा लागतो. करणार का, असं मी विचारलं तर काकू म्हणाल्या, “बघू. आधी एक डाव होऊ दे.” यंदाच्या कोजागिरीला त्यांनी गड्डी माझ्यापुढे ठेवली. “बंद हुकूम तूच लाव,” म्हणाल्या, “फक्त या वेळी आधी दूध वाटून घेऊ, मग पत्ते.” मी दूध लागेल म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि सावंतांनी हॉल झाडायला घेईपर्यंत बाहेर आलो नाही.

हे सगळं लिहायला काकूंची परवानगी आहे, फक्त किलवरच्या पानाचं त्यांना मी विचारलेलं नाही. ते काकू या अंकातच वाचतील. मी शरयूकाकूंना एक सरळ डाव देणं लागतो, आणि त्या जिंकल्या तर काय, हे मला अजून माहीत नाही.